वीस रुपयांचा दंड

कान्हे फाट्याला जुना मुंबई-पुणे हायवे सोडून आत वळलं आणि लोहमार्ग ओलांडला की आंदर मावळाची वाट लागते. टाकवे बुद्रुक हे इथलं बाजाराचं गाव. तिथून पुढे आंद्रा नदीच्या खोऱ्यात वडेश्वर, माऊ, नागाथली, कुसूर, सावळे, खांडी अशी गावं थेट घाटमाथ्यापर्यंत गेली आहेत. खालच्या अंगाला आंबी, मंगरूळ, नवलाख उंब्रे, आणि तिथे तळेगाव एमआयडीसीच्या निळ्या पत्र्यांच्या शेड. वरच्या गावांतली पोरं सकाळी दुचाक्या काढून खाली उतरतात ती याच शेडच्या दिशेने.

गेटवर ठेकेदाराच्या माणसाकडे द्यायची कागदं ठरलेली असतात. आधार, पॅन, पासबुकाची झेरॉक्स, दहावीची नाहीतर आयटीआयची मार्कलिस्ट, दोन फोटो. आणि मग पोलीस व्हेरिफिकेशन. सरकारी भाषेत चारित्र्य पडताळणी. अर्ज ऑनलाइन होतो, पण उत्तर ठाण्याच्या रेकॉर्डमधूनच येतं. 2018 च्या 15 ऑगस्टला पिंपरी-चिंचवडचं वेगळं पोलीस आयुक्तालय झालं आणि तळेगावचा औद्योगिक पट्टा तिकडे गेला. वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीणकडेच राहिले. त्यामुळे टाकव्याच्या पोराची कंपनी एका पोलीस दलाच्या हद्दीत, तर त्याच्या चारित्र्याचा दाखला दुसऱ्याच्या हातात.

ज्याच्या नावावर काहीच नाही त्याच्यासाठी ही नुसती औपचारिकता. ज्याच्या नावावर काहीतरी आहे, त्याचं काय होतं हा या लेखाचा विषय. 'काहीतरी' म्हणजे खून-दरोडाच असतो असं नाही. बहुतेक वेळा ते फार किरकोळ असतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. गंमत म्हणायचं ते आपल्यासारख्यांनी. ज्याचं काम हुकतं तो तसं म्हणत नाही.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. दोन पिढ्यांपूर्वी या खोऱ्यात चारित्र्याचा दाखला कुणाला लागतच नव्हता. भाताची खाचरं लावायला, म्हशी राखायला, रानातून हिरडा आणायला ठाण्याची परवानगी कोण मागतो? पण जमीन हळूहळू हातची गेली. 1922 मध्ये टाटांचं ठोकरवाडी धरण उभं राहिलं. आंद्रेचं पाणी पश्चिमेला कड्याखाली भिवपुरीच्या वीजघराकडे वळलं आणि खोऱ्यातली शिवारं पाण्याखाली गेली. पुढे खालच्या बाजूला आंद्रा धरण झालं. मग एमआयडीसीचे टप्पे एकामागून एक आले. चौथ्या टप्प्यासाठी निगडे, कल्हाट, आंबळे या गावांची नावं निघाली. शिवार असेपर्यंत माणूस कसा आहे हे भावकी ठरवत होती. शिवार गेल्यावर ते संगणकातली एक नोंद ठरवू लागली.

आता ती नोंद कशी तयार होते ते पाहू. जत्रेतली मारामारी, बांधावरून झालेली भांडणं, पत्त्यांच्या अड्ड्यावर पडलेली धाड, हातभट्टीची केस, दुचाकीचा अपघात. प्रकरण वडगावच्या कोर्टात जातं आणि तारखा सुरू होतात. एक तारीख म्हणजे एक खाडा. ठेकेदाराकडच्या माणसाला खाड्याचे पैसे मिळत नाहीत. दोन-तीन वर्षं असं चाललं की कुणीतरी सल्ला देतो, 'कबूल कर, दंड भर, मोकळा हो.' सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. दंडही मोठा नसतो. न्यायाधीश विचारतात, गुन्हा कबूल आहे का. पोरगा म्हणतो, कबूल. पावती घेऊन तो बाहेर येतो आणि खरोखरच मोकळा झाल्यासारखा चहा पितो.

कायद्याच्या लेखी मात्र तो आता दोषसिद्ध झालेला असतो. यापुढे प्रत्येक फॉर्मवर 'आपणांस कधी न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय' या रकान्यापुढे त्याला 'होय' लिहावं लागणार असतं. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

या खाचेत सापडलेल्या एका माणसाची कहाणी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. हा हरियाणा सरकारच्या सेवेतला पवनकुमार नावाचा कनिष्ठ कर्मचारी. सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन वा शिवीगाळ, म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम 294, या आरोपात त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला वीस रुपये दंड झाला. त्या वीस रुपयांपायी त्याची नोकरी गेली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: हा गुन्हा नैतिक अधःपतनाचा नाही, त्यावरून माणसाची रोजी काढून घेता येणार नाही. न्यायालय तिथेच थांबलं नाही. किरकोळ खटल्यांत लोक कटकट टाळण्यासाठी कबुली देऊन मोकळे होतात, हे वास्तव निकालपत्रात स्पष्ट मांडलं आहे. दोन हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची शिक्षा सरकारी नोकरीच्या आड येऊ नये असा कायदा संसदेने करावा, असंही त्यात सुचवलं आहे. त्याला आता जवळपास तीस वर्षं होतील. तो कायदा झालेला नाही.

'नैतिक अधःपतन' हा शब्दप्रयोग आपल्या कायद्यांत जागोजागी येतो, पण त्याची व्याख्या कोणत्याही कायद्यात सापडत नाही. प्रत्येक प्रकरणात न्यायालयाने ठरवायचं. कंपनीच्या एचआरवाल्याला तेवढा वेळ कुठला? तो सगळंच अधःपतन धरतो.

परवाने आणि पदं यांचं गणित तर आणखी चक्रावणारं आहे. 1961 च्या अधिवक्ता कायद्याचं कलम 24-अ सांगतं की नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला वकिलीची सनद मिळणार नाही. पण सुटकेनंतर दोन वर्षं उलटली की ही अपात्रता संपते. ग्रामपंचायत कायद्यात सहा महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा भोगलेल्याला सदस्य होण्यासाठी सुटकेनंतर साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं. आमदार-खासदाराला दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली, तर सुटकेनंतर सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. ॲपवरच्या टॅक्सीसाठी केंद्राने 2020 मध्ये नियमावली काढली. तिच्यात चालकाची मागची सात वर्षं पाहायची असं ठरलं.

आणि गेटवरचा सिक्युरिटी गार्ड? 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याचं दहावं कलम सांगतं की न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला सुरक्षारक्षक म्हणून ठेवता येणार नाही. इथे दोन वर्षं नाहीत, सात वर्षं नाहीत, मुदतच नाही.

म्हणजे तुरुंगातून सुटलेला माणूस कायद्याचा पदवीधर असेल, तर दोन वर्षांनी काळा कोट घालून न्यायालयात उभा राहू शकतो. सहा वर्षांनी तो विधानसभेत बसू शकतो. पण त्याच विधानसभेच्या आमदाराच्या बंगल्याबाहेर खुर्ची टाकून रात्रपाळी करायला तो जन्मभर अपात्र. आंदर मावळातल्या दहावी-बारावी झालेल्या पोराला यातली कोणती दारं खरोखर उपलब्ध आहेत? गार्ड, ड्रायव्हर, हेल्पर, लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टवर हाउसकीपिंग. ज्या कामाला शिक्षण कमी आणि पगार कमी, त्याचं दार सर्वांत घट्ट बंद. हे कुणी बसून ठरवलं असेल असं वाटत नाही. वेगवेगळे कायदे वेगवेगळ्या वर्षी झाले, त्यांना एकमेकांशेजारी ठेवून कुणी पाहिलं नाही, एवढंच.

ड्रायव्हरचं उदाहरण मावळात विशेष लागू पडतं. कंपनीच्या बस, कान्हे-टाकवे फेऱ्या मारणारी जीप, लोणावळ्यात भुशी आणि लायन्स पॉइंट दाखवणारी टॅक्सी, अशी कितीतरी घरं चाकावर चालतात. प्रवासी वाहन चालवायचं तर आरटीओचा बॅज लागतो आणि बॅजला पोलिसांची पडताळणी. रस्त्यावर रोज बारा तास असणाऱ्याच्या हातून अपघात घडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. अपघात घडला की निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा. मग तारखा, आणि मग तोच सल्ला: कबूल कर, दंड भर.

सगळीच बंधनं अन्याय्य आहेत असं मात्र कुणी समजू नये. परळी वैजनाथच्या डॉ. सुदाम मुंडे यांचं प्रकरण महाराष्ट्र विसरलेला नाही. बेकायदा गर्भपातात एका महिलेचा मृत्यू झाला, त्या 2012 च्या प्रकरणात 2019 मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे जामिनावर बाहेर असताना, 2020 मध्ये, ते पुन्हा रुग्ण तपासताना पकडले गेले. गर्भलिंग निदानाच्या कायद्यात याबाबत स्पष्ट तरतूद आहे: पहिल्यांदा दोषी ठरलेल्या डॉक्टरचं नाव पाच वर्षांसाठी नोंदणीतून काढायचं, दुसऱ्यांदा ठरला तर कायमचं. ही तरतूद योग्यच म्हणायला हवी, कारण गुन्हा आणि परवाना यांचा इथे थेट संबंध आहे. मुलांवर अत्याचार केलेल्याला शाळेची बस चालवायला देऊ नये, यावरही दुमत होणार नाही. प्रश्न आहे तो जिथे असा संबंधच नाही तिथला. जुगाराच्या दंडाचा आणि वेल्डिंगच्या कामाचा संबंध काय?

आता प्रश्न येतो लपवण्याचा. खोऱ्यातली बरीच पोरं पोलीस भरतीच्या तयारीला लागलेली असतात. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणं, ॲकॅडमीची फी, मैदानी, मग लेखी. सगळं पार पडल्यावर साक्षांकन नमुना हातात येतो आणि त्यात तो रकाना. कुणी म्हणतं 'नाही' लिही, त्यांना कुठे कळतंय. पण कळतं. आता ठाण्यांची रेकॉर्ड एकमेकांना जोडलेली आहेत आणि न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की खटला समोर येतो.

दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबल पदासाठी अर्ज केलेल्या संदीपकुमारने असंच केलं होतं. विशीत झालेल्या मारामारीचा खटला, पुढे तडजोड होऊन निर्दोष सुटका. अर्जात त्याने तो लपवला, साक्षांकन नमुन्यात मात्र स्वतःच लिहिला. निवड रद्द झाली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. मार्कंडेय काटजूंनी त्याच्या बाजूने कौल देताना व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'मधला जाँ व्हालजाँ आठवला, भुकेल्या कुटुंबासाठी पाव चोरून जन्माचा चोर ठरलेला. तरुणपणी पोरं चुका करतात, त्यांना जन्मभर गुन्हेगार म्हणून डागायचं का, असा त्या निकालाचा सूर आहे.

दोनच वर्षांनी, 2013 मध्ये, मेहरसिंग प्रकरणात वारा उलटा वाहिला. न्या. रंजना प्रकाश देसाई, ज्या आधी मुंबई उच्च न्यायालयात होत्या, त्यांनी लिहिलेल्या निकालात म्हटलं आहे की तडजोडीमुळे किंवा पुराव्याअभावी सुटलेला उमेदवार पोलीस दलाला नको असेल तर तसं ठरवण्याचा अधिकार दलाला आहे. गावाकडे याचा परिणाम मोठा आहे. भावकीतली भांडणं पंचांनी, पाटलांनी, आता सरपंचांनी मिटवायची आणि कोर्टात जाऊन 'आमचं मिटलं' सांगायचं, ही जुनी रीत. कायदाही अशा तडजोडीला निर्दोष सुटकाच मानतो. भरतीच्या टेबलावर मात्र ती अर्धवट सुटका ठरू शकते.

पुढे 2016 मध्ये अवतारसिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या सगळ्याला काहीएक चौकट दिली. घोषणा देण्यासारखा किरकोळ गुन्हा तरुणपणी घडला असेल आणि तो सांगितला नसेल, तर मालकाने ते माफ करावं. गंभीर गुन्हा लपवला असेल तर काढावं. आणि खरं सांगितलं तरीही नेमणूक द्यायची की नाही हे मालकाने सारासार विचार करून ठरवावं. या शेवटच्या वाक्यात सगळा पेच आहे. खोटं बोललास तर नोकरी जाईल, खरं बोललास तर मिळेलच असं नाही.

घोषणा देण्यासारखा गुन्हा, हे शब्द मावळात वेगळ्या अर्थाने ऐकू येतात. 9 ऑगस्ट 2011 ला पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी गेले. आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले. त्या दिवशी रस्त्यावर असलेल्यांमध्ये विशीतली पोरंही होती. आंदोलन संपतं, पुढारी पक्ष बदलतात, केस चालूच राहते. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय राज्य सरकारं अधूनमधून काढत असतात. 2022 चा असाच एक निर्णय आहे. जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या आत असावं, अशा त्याच्या अटी. पण खटला मागे घ्यायला न्यायालयाची संमती लागते आणि ती आपोआप मिळत नाही. शिवाय ज्याने आधीच कबुली देऊन दंड भरला, त्याच्यासाठी मागे घ्यायला काही उरलेलंच नसतं.

यावर उपाय नाही असं नाही. एक उपाय तर 1958 पासून कायद्याच्या पुस्तकात पडून आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियमानुसार, पहिल्यांदाच किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्याला न्यायालय शिक्षा न देता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं. याच कायद्याचं बारावं कलम सांगतं की अशा सुटकेनंतर दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता त्या माणसाला लागणार नाही. वकिलीच्या सनदेचा कायदाही ही सवलत मान्य करतो. खात्यांतर्गत कारवाईपासून मात्र हे कलम वाचवत नाही. तरीही दंडाची पावती आणि परिवीक्षेचा आदेश यांत एखाद्याच्या आयुष्याचा फरक पडू शकतो. तो आदेश मागावा लागतो, आणि मागायचा असतो हे आरोपीला ठाऊक नसतं. अठरा वर्षांखालच्या बहुतेक मुलांसाठी बाल न्याय कायद्याने अपात्रता सरळ पुसून टाकली आहे, रेकॉर्ड नष्ट करायलाही सांगितलं आहे. एकोणिसाव्या वर्षी मात्र कुणी काही पुसत नाही.

मोठी शिक्षा भोगून आलेल्यांचा विचार महाराष्ट्राने केलाच नाही असंही म्हणता येणार नाही. औंध संस्थानात, पंतप्रतिनिधींच्या राज्यात, 1930 च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. कैद्यांनी भिंतींशिवाय राहायचं आणि शेती करायची. त्यामागे मॉरिस फ्रिडमन हा पोलिश इंजिनिअर होता. व्ही. शांतारामांचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरून सुचला आणि त्याची कथा गदिमांची. अलीकडची गोष्ट म्हणजे राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' योजना. 1 मे 2022 ला येरवड्यात ती सुरू झाली: तुरुंगातल्या माणसाला त्याच्या तिथल्या कमाईच्या भरवशावर पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याजाने, जामीनदाराशिवाय. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून सुटलेल्यांच्या पुनर्वसनाचं काम करतो आहे. येरवड्यातला माणूस सुतारकाम शिकतो, माग चालवतो, बेकरीत राबतो. बाहेर आल्यावर ते कौशल्य गेटपर्यंत पोचतं. गेटच्या आत जायला तोच दाखला लागतो. याच येरवड्यातून 25 फेब्रुवारी 2016 ला सुटलेला संजय दत्त पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, कारण सिनेमात काम करायला चारित्र्य पडताळणी लागत नाही.

येरवड्याचाच आणखी एक कैदी. मार्च 1922 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्याने भर कोर्टात गुन्हा कबूल केला आणि सहा वर्षांची शिक्षा घेतली. तो आत असतानाच, नोव्हेंबरमध्ये, लंडनच्या इनर टेंपलने बॅरिस्टरांच्या यादीतून त्याचं नाव खोडलं. मोहनदास करमचंद गांधी यांचं नाव त्या यादीत परत आलं ते 1988 मध्ये.

त्याच इंग्लंडने 1974 मध्ये एक कायदा केला. ठरावीक काळ स्वच्छ गेला की जुनी शिक्षा 'संपलेली' मानायची आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी ती सांगायची गरज नाही. आज तिथे प्रौढाला झालेला दंड वर्षभराने असा मागे पडतो. मुलांशी किंवा आजाऱ्यांशी संबंधित कामांना अपवाद आहेत. अमेरिकेत 1998 मध्ये हवाई राज्याने मालकांना पहिल्याच अर्जात गुन्ह्याबद्दल विचारायला बंदी केली, पुढे अनेक राज्यांनी तो रस्ता धरला. कॅलिफोर्नियात कैदी वर्षानुवर्षं जंगलातले वणवे विझवत होते, पण सुटल्यावर त्यांना अग्निशमन दलात लागणारा वैद्यकीय साहाय्यकाचा परवाना मिळायचा नाही. 2020 मध्ये कायदा बदलून त्यांना वाट करून दिली. आपल्याकडे शिक्षा 'संपण्याची' अशी सर्वसाधारण तरतूद नाही.

1 जुलै 2024 पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या कायद्यात दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घातला तर जास्तीत जास्त दहा रुपये दंड होता, तो आता एक हजारापर्यंत गेला. त्याऐवजी समाजसेवेची शिक्षाही देता येते. समाजसेवा झाली तरी दोषसिद्धी ती दोषसिद्धीच. सरकारी आदेश मोडल्याच्या जुन्या कलम 188 ची जागा 223 ने घेतली आणि त्यातला दंड साध्या प्रकरणात अडीच हजारापर्यंत, जिवाला धोका झाला तर पाच हजारापर्यंत वाढला. पावसाळ्यात भुशी धरणावर, धबधब्यांवर जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात तेव्हा वापरायचं कलम हेच. म्हणजे संसदेने 1996 ची सूचना उद्या जशीच्या तशी मान्य केली, तरी त्या दोन हजारांच्या मर्यादेत लोणावळ्याच्या पावसात भिजायला गेलेला पोरगा बसेलच असं नाही.